पंगत खेळाडूंची



आजच्या भाषणाचा विषय खेळाडूंच्या मेजवान्या हा आहे, हे ऐकून आपल्यापैकी काहींच्या कपाळास आठ्या पडल्या असतील, व जन्मभर शाळेत इतिहास शिकविलेल्या माणसास हा विषय कोठून सुचला, असेही वाटले असेल. परंतु विषय दिसतो तितका हलका नाही. धावा, गोल, मिनिटे, सेकंद आणि पदके यांची नोंद ठेवणारी पुस्तके पुष्कळ आहेत. खेळ संपल्यावर तेच खेळाडू सायंकाळी कोठे गेले, कोणाच्या मांडीस मांडी लावून जेवले आणि कोणास दाराशीच थांबावे लागले, याची नोंद मात्र तुरळक सापडते. आणि जेथे सापडते, तेथे ती धावफलकापेक्षा अधिक बोलकी असते.

आम्हा नव्या मुंबईच्या रहिवाशांना हा विषय परका नाही. मार्च २००८ मध्ये नेरूळ येथे डी. वाय. पाटील क्रीडांगण उघडले, आणि पन्नास हजारांवर माणसे बसतील एवढे ते प्रचंड वर्तुळ महामार्गाच्या कडेस उभे राहिल्यापासून देशोदेशीचे खेळाडू आमच्या दाराशी येऊ लागले. त्यांचा खेळ आम्ही पाहतो. त्यांच्या रात्रींविषयी वर्तमानपत्रांतून वाचतो, आणि वाचून बहुधा नाके मुरडतो. नाके मुरडण्यापूर्वी या रात्रींचा पूर्वेतिहास पाहावा, एवढाच माझा हेतू आहे.

मेजवानी ही खेळाइतकीच जुनी आहे. प्राचीन ऑलिंपियास विजेत्यांना सरकारी भोजनगृहात मानाने जेवू घालण्याची चाल होती. इसवी सनापूर्वी ४१६ मध्ये अथेन्सच्या आल्किबायडीझने रथांच्या शर्यतीत सात रथ उतरविले, पहिला क्रमांक पटकाविला आणि जमलेल्या यात्रेस भोजन घातले. ते भोजन औदार्याचे होते की पुढाऱ्याच्या महत्त्वाकांक्षेचे, यावर अथेन्समध्ये पुष्कळ कुजबूज झाली. तात्पर्य, खेळाडूच्या ताटाकडे वाकून पाहण्याची सवय आजची नव्हे.

आपल्या भाषेत पंगत हा मोठा नेमका शब्द आहे. पंगतीस बसणे म्हणजे नुसते जेवणे नव्हे. पंगतीस कोण बसला यावरून समाजात कोणाची जागा कोठे आहे हे कळत असे. आपल्याकडील खेळांचा इतिहास पाहता मैदानावरची पंगत आधी एक झाली आणि भोजनाची फार मागाहून, असे माझे मत आहे. या म्हणण्यास पहिला आधार पुण्याचा.

गेल्याच्या मागच्या शतकाच्या अखेरीस पुण्यात पाळवणकर बाळू नावाचा एक तरुण साहेबांच्या क्लबात खेळपट्टी झाडण्याच्या व लाटण्याच्या कामावर होता. जन्म धारवाडचा, जात चांभाराची, पगार महिना चार रुपये. तेथील ग्रेग नावाच्या नामांकित गोऱ्या फलंदाजास सरावासाठी चेंडू टाकता टाकता त्याची डावखुरी फिरकी अशी काही तयार झाली की, तिचा बोभाटा पुण्याच्या हिंदू क्लबापर्यंत गेला. साहेबांनी त्याच्याकडून तासन्तास गोलंदाजी करून घेतली. त्याच्या हाती बॅट देण्याची बुद्धी मात्र कोणास झाली नाही. पुढे गोऱ्यांना हरवावयाचे म्हणून हिंदू क्लबाने त्यास संघात घेतले. मैदानात त्याने टाकलेला चेंडू ब्राह्मण खेळाडू झेलीत, त्याच्याकडे परत फेकीत. त्यात विटाळ नव्हता. चहाची वेळ झाली की बाकीचे आत बसत आणि बाळूस चहा बाहेर, मातीच्या भांड्यात मिळे. जेवणाचे ताट निराळे, जागा निराळी. एकाच चेंडूने अकरा जणांचे हात लागून घेतले होते, आणि तरी कपबशीचा प्रश्न सुटत नव्हता!

हे सर्वांनाच रुचत होते असे नाही. न्यायमूर्ती रानडे यांनी एका समारंभात बाळूस हार घालून जाहीर सन्मान केला, आणि ज्याच्याबरोबर खेळता त्याच्याबरोबर जेवावयास हरकत कसली, हा प्रश्न पुण्यातील सुशिक्षितांपुढे उभा राहिला. प्लेगच्या धामधुमीत बाळू मुंबईस आले, तेथे परमानंददास जीवनदास हिंदू जिमखान्यातून खेळू लागले, आणि १९०६ मध्ये हिंदूंनी युरोपियनांचा पराभव केला त्यात त्यांचा हात मोठा होता. येथून पुढे मी त्यांचा उल्लेख बहुवचनी करीत आहे, हे चाणाक्ष श्रोत्यांच्या ध्यानी आले असेल. समाजानेही तो तसाच, बळी पडू लागल्यावर, केला.

१९११ साली हिंदी क्रिकेटवीरांचा एक सर्वजातीय संघ इंग्लंडास गेला. हिंदू, मुसलमान, पारशी एका संघात, आणि कप्तान पतियाळाचे एकोणीस वर्षांचे महाराज भूपिंदरसिंग. त्याच वर्षी जून महिन्यात लंडनमध्ये पंचम जॉर्ज बादशहांचा राज्यारोहण समारंभ होता. राजधानीत मेजवान्यांची आणि नाचांची झोड उठलेली. महाराज तिकडे रमले. ते थोडेच सामने खेळले, आणि संघातील सर्वांत शैलीदार फलंदाज कर्नल मिस्त्री हे त्यांच्याच पदरी असल्यामुळे तेही बहुतेक काळ महाराजांसमवेत राहिले. उरलेला संघ गावोगाव सामने खेळत आणि हरत फिरला. प्रथम श्रेणीच्या चौदा सामन्यांपैकी दोनच जिंकले. या सगळ्या दौऱ्यात सतत गोलंदाजी करून शंभरावर बळी घेतले ते बाळूंनी. कप्तान मेजवानीस, आणि ज्यास स्वदेशी पंगतीत जागा नव्हती तो मैदानात राबतो आहे! मला वाटते, आपल्या क्रीडेतिहासात याहून शिकविण्याजोगे चित्र दुसरे नाही. पण शाळेच्या एकाही क्रमिक पुस्तकात ते मला आढळले नाही.

बाळूंना हिंदूंचे कप्तानपद कधीच मिळाले नाही. त्यांचे धाकटे बंधू विठ्ठल यांना ते १९२३ मध्ये मिळाले, आणि तेही आधी बंधूंनी निषेध म्हणून संघाबाहेर राहून दाखविल्यानंतर. परंतु आता दुसरीच पंगत आडवी आली. डिसेंबर १९३३ मध्ये हिंदुस्थानातील पहिला कसोटी सामना मुंबईस बाँबे जिमखान्याच्या मैदानावर झाला. लाला अमरनाथ यांनी ११८ धावा काढून देशाचे पहिले कसोटी शतक झळकाविले, तेव्हा लोक मैदानात धावले, स्त्रियांनी अंगावरचे दागिने काढून दिले. आणि हे सारे ज्या क्लबाच्या अंगणात घडले, त्या क्लबाचा सभासद होण्यास कोणीही हिंदी माणूस त्या वेळी पात्र नव्हता. शतक काढावे, टाळ्या घ्याव्या, पण क्लबाच्या दिवाणखान्यात हक्काने बसू नये. त्याच वर्षी स्थापन झालेल्या क्रिकेट क्लब ऑफ इंडियाने १९३७ मध्ये ब्रेबोर्न क्रीडांगण उभारले, तेव्हा त्यात बसण्याउठण्याच्या, जेवणाखाण्याच्या सोयीवर एवढा भर का दिला, ते यावरून उमगते.

आता थोडे मागे जाऊन परदेशचे दार उघडू. पुण्याच्या डेक्कन जिमखान्याच्या शर्यतींत अनवाणी धावणारे खेड्यातील गडी पाहून सर दोराबजी टाटा यांच्या मनात ऑलिंपिकचा विचार आला, आणि १९२० साली बेल्जममधील अँटवर्प येथे सहा जणांचा हिंदी चमू गेला. बेळगावचे फडेप्पा चौगुले मॅरॅथॉन शर्यतीत २ तास ५० मिनिटे ४५ सेकंदांत धावून एकोणिसावे आले. मल्ल रणधीर शिंदे कुस्तीत चौथे, म्हणजे पदकाच्या उंबरठ्यापर्यंत गेले. महायुद्ध नुकतेच संपले होते. बेल्जम देश भाजून निघालेला. खेळाडूंची व्यवस्था शाळांच्या इमारतींत, घडीच्या खाटांवर. अमेरिकेचा डॅन एहर्न नावाचा लंगडउडीतील नामांकित खेळाडू ही शाळा सोडून परस्पर हॉटेलात राहावयास गेला. व्यवस्थापकांनी त्यास संघातून काढले. सोबत्यांनी आम्हीही खेळणार नाही अशी नोटीस दिली, आणि व्यवस्थापकांना त्यास परत घ्यावे लागले. पोरांना शाळेत कोंडून ठेवणे किती अवघड असते, हे त्या व्यवस्थापकांनी कोणाही मास्तरास विचारले असते तर त्याने सांगितले असते.

खेळाडूंसाठी निराळे गावच वसवावे ही कल्पना खऱ्या अर्थाने १९३२ मध्ये अमेरिकेत लॉस एंजेलिस येथे अंमलात आली. टेकडीवर लहान लहान शेकडो घरे, भोवती कुंपण, घोड्यांवरचे पहारेकरी आणि निरनिराळ्या राष्ट्रांची निरनिराळी स्वयंपाकघरे. जगातील सर्व देशांचे तरुण एका वाडीत नांदत आहेत, याचे पत्रकारांना भारी कौतुक वाटले. या वाडीत स्त्रियांना मात्र जागा नव्हती. त्यांची सोय शहरातील एका हॉटेलात. चार वर्षांनी बर्लिनलाही तोच प्रकार: पुरुषांसाठी नाट्यगृह, ग्रंथालय, स्नानगृहे असलेले देखणे गाव, स्त्रियांसाठी क्रीडांगणाजवळ वसतिगृह. त्या वर्षी आपल्या अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाचे तरुणही बर्लिनला गेले होते आणि त्यांनी तेथे कबड्डी दाखविली, हे विदर्भातील श्रोत्यांस अभिमानाने आठवत असेल.

बर्लिनच्याच वाटेवर एक प्रकरण घडले. एलिनॉर होम ही १९३२ ची सुवर्णपदक विजेती अमेरिकन जलतरणपटू. आगबोटीवर तिने शँपेन घेतली आणि रात्र जागविली, म्हणून अधिकाऱ्यांनी तिला संघातून काढून टाकले. तिने प्रमाद केला नाही असे मी म्हणत नाही. परंतु खेळाडू खालच्या वर्गात, आणि ती मद्यपानाची बैठक वरच्या वर्गातील, जेथे अधिकारी व वार्ताहर प्रवास करीत होते! बैठक चालू ठेवणाऱ्यांपैकी कोणास घरी पाठविल्याचे ऐकिवात नाही.

अधिकाऱ्यांच्या मौजेची किंमत खेळाडूने द्यावी, याचा आपल्या घरचा दाखला तर फार जिव्हारी लागणारा आहे. कराडजवळील गोळेश्वरचे खाशाबा जाधव १९५२ मध्ये हेलसिंकीस गेले, ते कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयाचे प्राचार्य खर्डेकर यांनी स्वतःचे घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले म्हणून. २३ जुलै रोजी जपानच्या इशी या मल्लाशी त्यांची दीर्घ व दमविणारी लढत झाली. लागलीच त्यांना रशियन संघाच्या ममादबेयोव्हशी खेळण्यास पुकारण्यात आले. दोन कुस्त्यांच्या मध्ये अर्धा तास विश्रांती मिळावयास हवी, असा नियम. पण तो नियम पंचांपुढे मांडावयास हिंदी पथकाचा एकही अधिकारी त्या वेळी तेथे हजर नव्हता. ते शहर पाहावयास गेले होते, असे खाशाबांच्या चरित्राविषयी लिहिणारे सांगतात. दमलेले खाशाबा हरले. इशीस सुवर्ण, ममादबेयोव्हला रौप्य आणि खाशाबांना कांस्य मिळाले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक. सरकारी मेजवानी झाली नाही. झाली ती कराडापासून गोळेश्वरपर्यंत १५१ बैलगाड्यांची मिरवणूक. पंधरा मिनिटांच्या वाटेस सात तास लागले. आणि नंतर खाशाबांनी कुस्त्या लढवून खर्डेकरांचे पैसे फेडले. खेळाडूंच्या सत्काराच्या कथा मी पुष्कळ वाचल्या, पण त्या बैलगाड्यांपुढे मला दुसरा सत्कार दिसत नाही.

क्रीडाग्रामांत सगळेच काळेकुट्ट घडले असे मात्र समजू नये. १९५६ मध्ये मेलबर्न येथे स्त्रिया आणि पुरुष एकाच ग्रामात, पण मध्ये कुंपण घालून राहिले. त्या कुंपणास न जुमानता अमेरिकेचा हातोडाफेकीतील विजेता हॅरल्ड कॉनली आणि चेकोस्लोव्हाकियाची थाळीफेकीतील विजेती ओल्गा फिकोतोव्हा यांचे प्रेम जमले. दोन राष्ट्रे एकमेकांशी बोलत नव्हती अशा काळात १९५७ मध्ये प्राग येथे त्यांचा विवाह झाला आणि सुप्रसिद्ध धावपटू एमिल झाटोपेक त्यास साक्षीदार राहिला. मुत्सद्द्यांना जे साधले नाही ते भोजनगृहातील ओळखीने साधले, असे निदान त्या दोघांपुरते तरी म्हणता येईल.

उलट १९७२ मध्ये म्यूनिक येथे आनंदी वातावरण राखावे म्हणून पहारा सैल ठेवला होता. रात्री उशिरा बाहेरून परतणारे खेळाडू कुंपणावरून चढून आत येत. ५ सप्टेंबरच्या पहाटे अशाच परतणाऱ्या काहींनी, खेळाडूंच्या पोशाखातील आठ जणांना आपल्यासारखेच समजून, कुंपण ओलांडण्यास हात दिला. ते आठ जण अतिरेकी होते. इस्रायलच्या पथकातील अकरा माणसे त्यांनी मारली. त्या पहाटेपासून क्रीडाग्रामाचे गावपण गेले आणि गढी झाली. गढीच्या आत मात्र तरुणाई राहिलीच. १९८८ मध्ये सोल येथे, एड्स रोगाच्या भीतीमुळे, यजमानांनी खेळाडूंना निरोध फुकट वाटावयास सुरुवात केली, आणि ती प्रथा पुढे चालू राहिली. या मुद्द्याचा विस्तार करण्यास माझ्या पेशाचा संकोच आड येतो. परंतु यजमानांचा शहाणपणा मला मान्य आहे.

आता नेरूळकडे येतो. १ जून २००८ रोजी आयपीएलचा पहिलाच अंतिम सामना आमच्या या क्रीडांगणावर झाला आणि राजस्थानने अखेरच्या चेंडूवर चेन्नईस हरविले. देशोदेशीचे खेळाडू एका संघात खेळू लागले, ही गोष्ट बाळूंच्या काळच्या माणसास चमत्कारच वाटली असती. पण या स्पर्धेने पंगतीचे एक नवे रूप आणले. २०१० च्या हंगामात सामन्यानंतरच्या रात्री मेजवान्या भरू लागल्या. तेथे उंची वस्त्रांची प्रदर्शने होत, आणि हजारो रुपयांचे तिकीट घेणाऱ्या प्रेक्षकास खेळाडूंच्या सहवासात रात्र घालविता येई. पूर्वी जात पाहून आत सोडीत, मग कातडीचा रंग पाहून. आता पावती पाहून सोडू लागले. खेळाडूची दिवसभराची मेहनत विकली जात होतीच, तिच्या जोडीस त्याची विश्रांतीही विक्रीस निघाली. त्या हंगामाचा अंतिम सामनाही, २५ एप्रिल रोजी, नेरूळलाच झाला. लगेच पुढच्या महिन्यात वेस्ट इंडीजमधील जागतिक स्पर्धेत भारतीय संघ लवकर गारद झाला, तेव्हा कप्तान महेंद्रसिंग धोनी यांनी रात्रीच्या मेजवान्या आणि प्रवास यांनी खेळाडू थकतात, असे उघड सांगितले. आमच्या भागातील पुष्कळांनी त्या वेळी खेळाडूंनाच दोष दिला. मला तो अन्याय वाटला आणि अद्याप वाटतो. २०१३ मध्ये सामन्यांतील लबाडीचे प्रकरण उघडकीस आल्यावर, जून महिन्यात, नियामक मंडळाने या मेजवान्या बंद केल्याचे जाहीर केले.

या साऱ्या कथेत स्त्रिया कोठे होत्या, असे आपण विचाराल. त्या पंगतीच्या बाहेरच होत्या. १९७३ मध्ये पुण्यात स्त्रियांची पहिली राष्ट्रीय क्रिकेट स्पर्धा झाली, त्या पिढीच्या मुली आरक्षणावाचून आगगाडीने प्रवास करीत आणि वसतिगृहांच्या फरशीवर निजत. १९८६ मध्ये मुंबईच्या डायना एदलजी भारताच्या संघासमवेत इंग्लंडास गेल्या असता, लॉर्ड्स मैदानाच्या पॅव्हिलियनमध्ये स्त्री म्हणून त्यांना प्रवेश नाकारण्यात आला. बाळूंना पुण्यात चहा बाहेर मिळाला त्यास तेव्हा ऐंशीहून अधिक वर्षे लोटली होती. पॅव्हिलियन तेच, उंबरठा तोच. बाहेर उभे राहणारे माणूस तेवढे बदलले. त्या क्लबाने स्त्रियांना सभासद करून घेण्याचा ठराव केला तो १९९८ मध्ये.

२ नोव्हेंबर २०२५ रोजी स्त्रियांच्या विश्वचषकाचा अंतिम सामना नेरूळ येथे होता. पावसामुळे खेळ दोन तास उशिरा, सायंकाळी पाच वाजता सुरू झाला. भारताने २९८ धावा केल्या. दक्षिण आफ्रिकेचा डाव २४६ धावांवर आटोपला. दीप्ती शर्माने पाच बळी घेतले, आणि शेवटचा झेल कप्तान हरमनप्रीत कौर हिने मागे धावत घेतला तेव्हा मध्यरात्र होत आली होती. प्रशिक्षक अमोल मुजुमदार, मुंबईसाठी धावांच्या राशी घालूनही भारतासाठी एकदाही खेळावयास न मिळालेला गृहस्थ. हरमनप्रीतने त्यांच्या पाया पडून त्यांना मिठी मारली.

चषक हाती आल्यावर या मुली लागलीच हॉटेलाकडे गेल्या नाहीत. अंजुम चोप्रा, मिताली राज आणि झुलन गोस्वामी या निवृत्त खेळाडू त्या रात्री मैदानात हजर होत्या. २००५ चा अंतिम सामना या तिघी हरल्या होत्या. २०१७ चा, लॉर्ड्सवरचा, मिताली आणि झुलन पुन्हा हरल्या होत्या. मुलींनी चषक त्यांच्या हाती दिला. झुलनला रडू आवरेना. मग, बाके रिकामी होत आली असता, सारा संघ खेळपट्टीपाशी जमला. या संघाचे स्वतःचे एक गीत होते. विश्वचषक जिंकू तेव्हाच ते उघड म्हणावयाचे, असे चार वर्षांपूर्वी ठरले होते. मध्यरात्र उलटून गेल्यावर नेरूळच्या मैदानावर त्यांनी ते मोठ्याने म्हटले.